गोव्यातल्या रसायन मंडळात नवे आहात? विहिरीपासून सुरुवात करा

भजनी मंडळ सगळ्यांना समजते. नाट्यमंडळे तर गोव्यात वाड्यावाड्यावर आहेत. पण रविवारी सकाळी ब्यूरेट (द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचेची नळी) आणि बाटल्या घेऊन जमणारे रसायनशास्त्राचे मंडळ म्हटले की समोरचा विचारतो, "म्हणजे फार्मसीवाले का?" तसे नाही. अशा मंडळात उच्च माध्यमिकचे शिक्षक असतात, कॉलेजातले प्राध्यापक असतात, वेर्णा-कुंडईच्या औषध कारखान्यांत गुणवत्ता तपासणी करणारी मंडळी असतात, एमएस्सीची मुले असतात आणि घरी बसून कंटाळलेले एखाददुसरे निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक असतात. हे शेवटचे गृहस्थ सापडले तर त्यांना सोडू नका. सगळ्यांत कामाचे तेच.

संशोधकांच्या मोठ्या संस्था देशात आहेतच. इंडियन केमिकल सोसायटी १९२४ साली कोलकात्यात स्थापन झाली आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय तिचे पहिले अध्यक्ष होते. केमिकल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया १९९९ सालची. तिथे शोधनिबंध वाचले जातात. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. तालुक्यातल्या छोट्या मंडळात तुम्ही नव्याने आला असाल, किंवा चार मित्र मिळून असे काही सुरू करायचे मनात असेल, तर लोकांपर्यंत पोचणारे कार्यक्रम कसे करायचे, एवढेच इथे सांगायचे आहे.

पायरी १ : आधी कामाला लागा, पद नंतर

नवा माणूस आला की मंडळी त्याला लगेच समितीत घेतात, कारण समितीत बसायला कोणी तयार नसते. नम्रपणे नाही म्हणा. पहिले दोन-तीन कार्यक्रम बाटल्या धुण्याचे, लेबले लावण्याचे आणि नोंदी लिहिण्याचे काम मागून घ्या. मंडळातल्या कोणाचा हात अनुमापनात (थेंबाथेंबाने द्रावण घालून प्रमाण मोजण्यात) स्थिर आहे, लोकांशी कोण गोड बोलतो, शाळेच्या मुख्याध्यापकांकडे कोणाचा शब्द चालतो आणि नुसते फोटो काढायला कोण येतो, हे सगळे बाटल्या धुताना कळते.

कारखान्यात काम करणाऱ्यांना शिफ्ट असते आणि महिन्याच्या शेवटी माल रवाना करण्याची घाई असते. शिक्षकांना पेपर तपासणी असते. म्हणून बैठक शक्यतो महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ठेवा आणि तो वार वर्षभर बदलू नका. जागेसाठी पैसे मोडू नका. वाचनालयाची खोली, पंचायतीचे सभागृह, देवळाचा सभामंडप, यांतले काहीतरी मिळतेच.

पायरी २ : वर्षाची आखणी हंगामावरून करा

बहुतेक मंडळे तारखांवरून कार्यक्रम ठरवतात. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी रामन परिणाम जाहीर झाला आणि १९८७ पासून हा दिवस देशभर पाळला जातो. २ ऑगस्ट हा प्रफुल्लचंद्र रायांचा जन्मदिवस, साल १८६१. २३ ऑक्टोबर हा मोल दिन. मोल हे कण मोजायचे एकक, आणि एका मोलमध्ये जितके कण ती ॲव्होगाड्रोची संख्या. ॲव्होगाड्रोच्या संख्येत दहाचा २३ वा घात आहे आणि अमेरिकन लोक तारीख लिहिताना महिना आधी घालतात, म्हणून १०/२३. आपल्या पद्धतीने ते गणित उलटे पडते, पण मुलांना चालते.

या तारखा ठेवा, पण वर्षाचा कणा त्यांवर उभारू नका. विज्ञान दिनाला प्रत्येक शाळेत आधीच काहीतरी ठरलेले असते आणि चांगला वक्ता त्या दिवशी चार ठिकाणी पळत असतो. गोव्यात हंगामच तुम्हाला विषय देतो. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या भाट्या आणि मिठागरे चालू असतात. मेमध्ये विहिरी खोल गेलेल्या असतात आणि रातांबे पिकतात. जूनमध्ये पाऊस. चवथीला माती, रंग आणि पितळेची भांडी. ऑक्टोबरात विहिरी परत भरलेल्या. हे सगळे रसायनशास्त्रच आहे आणि त्यासाठी वेगळी जाहिरात लागत नाही.

वर्षाला तीन कार्यक्रम पुरे. त्यांतला एक दरवर्षी, त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने झाला पाहिजे. तो कोणता असावा याबद्दल माझे मत पक्के आहे: विहिरीच्या पाण्याची तपासणी.

पायरी ३ : एका वाड्याच्या विहिरी

सगळा गाव घेऊ नका. एक वाडा निवडा, दहा-बारा विहिरी पुष्कळ झाल्या. आधी पंचायतीला पत्र द्या आणि त्या प्रभागाच्या पंचांना प्रत्यक्ष भेटा. मग घरोघर जाऊन मालकाची परवानगी घ्या. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. विहीर ही घराची प्रतिष्ठा असते. "आमचे बांयचें उदक वायट?" असा प्रश्न आला की तुमचे शास्त्र तिथेच संपले. म्हणून तपासायला आलो असे म्हणू नका. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर पाण्यात काय फरक पडतो ते बघतो आहोत, असे सांगा. ते खरेही आहे. आणि निकाल फक्त त्या घरालाच मिळेल, फलकावर लागणार नाही, हे पहिल्याच भेटीत कबूल करा आणि पाळा.

नमुना घेण्यातच निम्मी तपासणी बिघडते. प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि हवा न ठेवता झाकण लावा. पंपाने पाणी येत असेल तर दोन-तीन मिनिटे वाहू द्या, नाहीतर पाइपातले पाणी तपासाल. बाटलीवर लगेच लिहा: घर, तारीख, वेळ, विहीर उघडी की झाकलेली, शौचालयाचा खड्डा अंदाजे किती पावलांवर, पाऊस केव्हा पडला. जंतूंच्या चाचणीसाठी बाटली वेगळी, निर्जंतुक केलेली. तिच्या तोंडाला बोट लागता कामा नये.

आता मोजायचे काय? मंडळाच्या ताकदीत बसतील अशा पाच गोष्टी.

पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, जागेवरच मोजा, कारण बाटलीत तो बदलतो. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक, आयएस १०५००, साडेसहा ते साडेआठ ही मर्यादा सांगते. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असते आणि कित्येकदा साडेसहाच्या खाली जाते. घाबरवू नका. अशा पाण्याने पोट बिघडत नाही, पण तांब्या-पितळेचे नळ ते हळूहळू खाते. न्हाणीघरात नळाखाली हिरवट-निळसर डाग आहे का, ते विचारा. असला तर मालकालाच दुवा सापडतो आणि मग चहा येतो.

विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, पेनासारख्या मीटरने कळतात. मानकातली स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. जांभ्यातल्या विहिरीत आकडा बहुतेक वेळा याच्या कितीतरी खाली येतो. खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या) शेतीजवळ, मानशीच्या (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराच्या) आसपास किंवा खाडीकाठी मात्र मे महिन्यात तो चढतो, कारण उन्हाळ्यात भरतीचे खारे पाणी नदीतून बरेच आत येते. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत हा फरक बघायला मिळतो. सत्तरीत शोधूनही सापडणार नाही.

दुष्फेनपणा, म्हणजे साबणाला फेस न येऊ देणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम, ईडीटीए या त्यांना धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या अनुमापनाने मोजतात. ईडीटीए ०.०१ मोलर, अमोनियाचे बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) घालून पीएच १०, दर्शक एरिओक्रोम ब्लॅक टी. रंग वाइनसारख्या लालवरून स्वच्छ निळा झाला की थांबा. एक मिलिलिटर ईडीटीए म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. पुस्तकात ५० मिलिलिटर नमुना सांगितलेला असतो आणि वाचनाला २० ने गुणतात. पण आपल्याकडचे पाणी इतके मऊ असते की ब्यूरेट एक-दीड मिलिलिटरवरच थांबते आणि एका थेंबाची चूक मोठी दिसते. म्हणून १०० मिलिलिटर घ्या आणि १० ने गुणा. दोन वाचने जुळल्याशिवाय आकडा लिहू नका. हे काम औषध कारखान्यातल्या मंडळींकडे द्या. रोज तेच करतात, आणि त्यांना घराबाहेर कौतुक मिळण्याची ही एकमेव जागा असते.

लोह. डिचोली-सत्तरीत हा प्रश्न हमखास निघतो. साधी परीक्षा अशी: ताजे पाणी स्वच्छ दिसते आणि रात्रभर उघडे ठेवल्यावर तळाला तांबूस गाळ बसतो, म्हणजे विरघळलेले फेरस लोह हवेतल्या ऑक्सिजनने फेरिक होऊन खाली आले. घरातल्या बायकांना हे आधीच माहीत असते, कारण अशा पाण्याचा चहा काळसर होतो. चहातले टॅनिन लोहाशी जुळून गडद रंग देते. आकडा हवा असेल तर तयार किट घ्या.

आणि पाचवी चाचणी, जी मला पहिल्या चारांपेक्षा महत्त्वाची वाटते: जंतू. हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या तयार कुपीत नमुना ओतून एक-दोन दिवस घरच्याच उबेत ठेवायचा. पाणी काळे झाले तर विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. उघड्या विहिरीचा खरा धोका हा आहे, क्षारांचा नाही. उपाय कंटाळवाणा आहे: पिण्याचे पाणी उकळा, विहिरीभोवती कठडा आणि उतार नीट करा, पावसाळ्यानंतर क्लोरीन घाला. कुपी काळी झालेल्या घरी तुम्ही स्वतः जा. चिठ्ठी पाठवू नका, फोनवर सांगू नका.

निकालाच्या कागदावर ठळक लिहा की ही प्राथमिक चाचणी आहे. शंका असेल तिथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत किंवा सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवायला सांगा. मंडळाचा कागद घेऊन कोणी शेजाऱ्याशी भांडायला किंवा कोर्टात जायला नको.

मेमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा. त्याच विहिरी, तीच पद्धत. पहिल्या वर्षी हाती फारसे लागत नाही. तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे असे काहीतरी असते जे त्या वाड्यात दुसऱ्या कोणाकडे नाही.

पाणी शुद्ध करणारे यंत्र विकायला माणूस आला की

विहिरींचे काम सुरू केले की हा प्रश्न येणारच, म्हणून तयारी ठेवा. दारावरचा विक्रेता दोन पेल्यांत पाणी घेतो, एक तुमचे आणि एक त्याच्या यंत्रातले. दोन्हींत सळ्या बुडवून वीज सोडतो. तुमचे पाणी क्षणात तपकिरी, त्याचे नितळ. आजी घाबरते आणि हप्ते सुरू होतात.

तो गाळ पाण्यात नव्हता. लोखंडी सळीच विजेने विरघळली आणि तिचा गंज खाली बसला. यंत्रातल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि सळी तशीच राहते. हे दाखवायला नऊ व्होल्टची बॅटरी, दोन खिळे आणि दोन पेले पुरे. घरातल्या मुख्य विजेला अजिबात हात लावायचा नाही. यंत्रातल्या त्याच नितळ पाण्यात चिमूटभर मीठ टाका. थोड्याच वेळात तेही गढूळ होते. देवळाच्या सभामंडपात हा प्रयोग केला की पुढच्या महिन्यात शेजारच्या वाड्याचे बोलावणे येते. कुठल्या कंपनीचे नाव मात्र घेऊ नका. यंत्र वाईट नाही. खाडीकाठच्या खाऱ्या विहिरीला ते लागू शकते. ज्या पाण्यात क्षारच नाहीत तिथे ते कशाला, एवढाच प्रश्न आहे.

पायरी ४ : मीठ

मिठागरे पेडण्यात आगरवाड्याला आहेत, बार्देशात हडफडे-नेरूलकडे आहेत आणि रायबंदरच्या रस्त्यावरून तर दिसतातच. पूर्वी होती त्यांतली थोडीच आता उरली आहेत. सहल मार्च-एप्रिलमध्ये न्या, सकाळी लवकर, आणि मिठागरवाल्यांना आधी विचारून. बांधावरून चालताना मुलांनी वाफ्यात पाय टाकला तर त्यांची मेहनत जाते. परतताना मीठ विकत घ्या, फुकट मागू नका.

तिथे काय बघायचे? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते सगळे एकदम खाली बसत नाहीत. पाणी आटत गेले की आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, मग आपले मीठ. शेवटी जे दाट पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते कडू असतात आणि हवेतला ओलावा ओढतात. मिठागरवाला हे पाणी कधी काढतो यावर मिठाची चव आणि पावसाळ्यात ते किती पाझरते हे ठरते. हे तो पुस्तक न वाचता करतो. म्हणून सहलीत बोलण्याचे काम त्याला द्या आणि मंडळाच्या प्राध्यापकांना थोडा वेळ गप्प बसवा. सोपे नाही, पण जमते.

या सहलीला जोडून एक मोजमाप करता येते. मेमध्ये मिरामारजवळचे शंभर मिलिलिटर पाणी आटवा आणि उरलेले मीठ तोला. तेच जुलैत करा. मांडवी भरून वाहत असताना मुखाजवळच्या वरच्या पाण्यातला खारेपणा खूप उतरतो आणि तराजू ते दाखवतो. जुलैचे पाणी जेटीवरून दोरीला बाटली बांधून मोठ्या माणसाने काढायचे. मुलांना पावसाळ्यात पाण्याजवळ न्यायचे नाही, या नियमाला अपवाद नाही.

दुसरा प्रयोग घरात होतो: कोणत्या मिठात आयोडीन आहे? आपल्याकडे पाकिटातल्या मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात. ग्राहकाच्या हाती पोचेपर्यंत दहा लाखांत किमान १५ भाग आयोडीन राहिले पाहिजे असा नियम आहे. मिठागरातल्या मिठात ते घातलेले नसते. दोन वाट्यांत चमचाभर मीठ घ्या, एकात पाकिटातले, दुसऱ्यात मिठागरातले. दोन्हींवर अळणी पेजेचे निवळ पाणी घाला, त्यात किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड थोडेसे, आणि शेवटी पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचे काही थेंब. आयोडेट आणि आयोडाइड आम्लात भेटले की आयोडीन सुटते आणि पेजेतल्या स्टार्चबरोबर निळे-जांभळे होते. पाकिटातले मीठ रंगते, दुसरे पांढरेच राहते.

इथे दोन खाचा आहेत. लिंबू पिळू नका. लिंबातले क जीवनसत्त्व सुटलेल्या आयोडीनला लगेच परत आयोडाइड करते आणि रंगच येत नाही. मंडळातले चांगले चांगले शिक्षकही इथे फसतात आणि मग मिठाला दोष देतात. दुसरे, आयोडाइडचे द्रावण त्याच दिवशी बनवा. जुने द्रावण हवेने पिवळे पडते आणि कुठल्याही वाटीत निळा रंग देते. म्हणून तिसरी वाटी नुसत्या पेजेची, मिठाशिवाय, नेहमी बाजूला हवी. ती निळी झाली तर सगळे फेकून नव्याने सुरू करा.

प्रयोगानंतर मिठागराचे मीठ वाईट असे म्हणून लोक उठता कामा नयेत. ते लोणच्यात, मासे खारवायला, माडाच्या मुळाशी घालायला पूर्वापार वापरतात आणि त्या कामांत आयोडीनचा संबंध नाही. रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ घ्या, एवढे सांगायचे आणि थांबायचे.

पायरी ५ : शाळेत जाताना

शाळेच्या कार्यक्रमात मंडळे धूर, स्फोट आणि ज्वाळांच्या मागे लागतात. मुले टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन काहीच सांगू शकत नाहीत. सोडियमचा तुकडा पाण्यात, डायक्रोमेटचा ज्वालामुखी, मर्क्युरी, हे सगळे यादीतून कायमचे काढा. तीव्र आम्ल शाळेत न्यायचेच नाही. मुलांना सुती कपडे, मोठ्यांना चष्मे, टेबलाजवळ पाण्याची बादली आणि वर्गशिक्षिका खोलीत हजर. त्या चहाला गेल्या तर कार्यक्रम थांबवा.

सगळ्यांत चालणारा विषय म्हणजे रंग बदलणारे दर्शक, आणि त्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. हळदीचे द्रावण कागदाला लावून वाळवा. साबणाच्या पाण्याने कागद तांबडा होतो, लिंबाने परत पिवळा. पारंपरिक कुंकू हळद आणि चुन्यापासून बनते ते याच कारणाने, हे सांगितले की मुली घरी जाऊन आजीला विचारतात. जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरल्या की जो अर्क मिळतो तो आम्लात गुलाबी-लाल आणि खाण्याच्या सोड्यात हिरवट होतो.

सोलांचा, म्हणजे रातांब्याच्या वाळवलेल्या सालींचा, अर्क करायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण रंग सुंदर असतो. त्यातले अँथोसायनिन हे रंगद्रव्य दर्शकाचे काम करतेही. पण सोलं स्वतःच इतकी आंबट की घातलेला सोडा तीच पिऊन टाकतात, फेस येतो आणि रंग लालच. अर्क भरपूर पातळ करा आणि सोड्याचे पाणी थेंबाथेंबाने घाला, तेव्हा कुठे लाल रंग जांभळटाकडे आणि पुढे मळकट हिरव्याकडे झुकतो. हा प्रयोग लहान मुलांपेक्षा नववी-दहावीला द्या. थेंब मोजायला लावा. अनुमापन म्हणजे काय ते न सांगता कळते.

बोलताना कोकणीत बोला, फळ्यावर मराठीत लिहा, आणि माध्यमिकच्या मुलांसाठी ॲसिड, बेस हे शब्दही बरोबर ठेवा, कारण त्यांचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत असते. एका टेबलावर एकच प्रयोग आणि दहापेक्षा जास्त मुले नकोत. प्रत्येकाच्या हाताने झाले पाहिजे.

अकरावी-बारावीतल्या हुशार मुलांना रसायन ऑलिंपियाडची वाट दाखवा. पहिली पायरी म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास होणारी राष्ट्रीय स्तरावरची प्रमाणित परीक्षा. पुढची निवड मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून होते. २००१ साली आंतरराष्ट्रीय रसायन ऑलिंपियाड मुंबईतच झाले होते. नोंदणी मुदतीत करायची असते आणि नेमकी तीच तारीख शाळा विसरते. मंडळाने पावसाळ्यातच मुख्याध्यापकांना आठवण करावी.

पायरी ६ : चवथीच्या आधी

चवथीच्या पंधरवड्यात लोकांना व्याख्यान नको असते. दोन छोट्या गोष्टी पुरतात, आणि त्या बाजाराच्या कोपऱ्यावर टेबल टाकून करता येतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर गोव्यात बंदी आहे, तरी मनात शंका राहतेच. मूर्तिकाराकडून मागून आणलेला चिकणमातीचा तुकडा आणि प्लास्टरचा तुकडा दोन बरण्यांत पाण्यात ठेवा. माती काही तासांत सुटते, प्लास्टर दुसऱ्या दिवशीही तसेच. दुसरी गोष्ट म्हणजे समई. सोलं किंवा चिंच घासली की ऑक्साइडचा थर आम्लात विरघळतो आणि पितळ उजळते. त्यात मीठ घातले की काम लवकर होते, कारण क्लोराइड तांब्याला द्रावणात धरून ठेवते. अर्धी समई घासून ठेवा. लोक थांबतात.

पायरी ७ : भेटी आणि व्याख्याने

कारखाना बघायचा असेल तर महिनाभर आधी लेखी परवानगी मागा, माणसे वीसच्या आत ठेवा, बंद बूट घाला आणि फोन फाटकावर द्या. शाळकरी मुलांना बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प कॉलेजच्या मुलांसाठी उत्तम. ओल्या कचऱ्यापासून वायू कसा होतो ते तिथे प्रत्यक्ष दिसते. लहानांना मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रात न्या.

काजूची भाटी ही ऊर्ध्वपातनाची, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ परत थंड करून गोळा करण्याची, सर्वांत चांगली प्रयोगशाळा आहे. बोंडे तुडवून काढलेला रस काही दिवस आंबतो, मग भाणात (उकळायच्या भांड्यात) उकळून वाफ लावणीत (ती गोळा करणाऱ्या भांड्यात) थंड होते. पहिल्या धारेचा उराक सौम्य, सुमारे १५ टक्के अल्कोहोलचा. तो आंबलेल्या रसात मिसळून परत ऊर्ध्वपातन केले की फेणी, चाळिसाच्या पुढे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही भेट फक्त प्रौढांसाठी. दारू गाळायला अबकारी खात्याचा परवाना लागतो, तेव्हा हा प्रयोग मंडळाच्या खोलीत करून बघण्याची कल्पना कोणी काढलीच तर तिथेच मोडून काढा. गवती चहाचे ऊर्ध्वपातन करा, वासही चांगला येतो.

व्याख्यानांबद्दल थोडक्यात. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावलाला. वक्त्यांची ददात नाही. विषय मात्र तुम्ही द्या, नाहीतर 'रसायनशास्त्राचे मानवी जीवनातील स्थान' ऐकावे लागेल. उदाहरणार्थ, पावसाळ्याच्या शेवटी आपल्या किनाऱ्याजवळच्या तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन का घटतो? समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली आहे, आणि मासे खाणाऱ्या श्रोत्यांना हा विषय लगेच भिडतो. भाषण अर्धा तास, प्रश्न अर्धा तास. शाल-श्रीफळ, स्वागत, प्रास्ताविक आणि परिचय मिळून पाच मिनिटे. सांभाळून घ्यायला सूत्रसंचालक कडक नेमा.

पायरी ८ : कपाट, पैसे, उरलेली रसायने

मंडळाची रीतसर नोंदणी करायची असेल तर सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात. पहिल्या वर्षी घाई नको. पण जमाखर्चाची वही पहिल्या दिवसापासून हवी, आणि पैसे व कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे नकोत.

रसायने कोणाच्या घरी ठेवू नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक कप्पा मागा. प्रत्येक बाटलीवर नाव, तीव्रता, तयार केल्याची तारीख आणि बनवणाऱ्याचे नाव असावे. लेबल पडलेली बाटली वास घेऊन ओळखण्याचा उद्योग करायचा नाही. ती बाजूला ठेवून प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्या. ईडीटीए, पेज आणि सायट्रिक ॲसिडचे उरलेले पातळ पाणी भरपूर पाण्याबरोबर मोरीत गेले तरी चालते. अमोनियाचे बफर आधी आम्लाने उदासीन करा. यातले काहीही विहिरीजवळ ओतायचे नाही.

विहिरींची नोंदवही हाताने लिहा आणि तिचे फोटो दोघांच्या फोनवर ठेवा. पानाच्या डाव्या बाजूला मे, उजव्या बाजूला ऑक्टोबर, एका विहिरीला एक पान. ऑक्टोबरच्या रविवारआधी आठवडाभर ब्यूरेटचे कॉक उघडून ग्रीस लावा, ईडीटीए नव्याने प्रमाणित करा आणि कुप्यांची मुदत तपासा, कारण त्या मागवल्या की यायला वेळ लागतो.